स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लावक बल, दोऱ्याच्या टोकाला गुरुत्वाकर्षण

पेल्यात पाऊण पेला पाणी घ्या. पेला डिजिटल काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि पाण्यात एक बोट दोन पेरं बुडवा. पेल्याच्या काठाला किंवा तळाला बोट लागता कामा नये. काटा ७, ८, कधी १० ग्रॅम दाखवेल. बोट तुमच्या हाताला आहे, त्याचं वजन हातच पेलतोय. मग हे ८ ग्रॅम आले कुठून?

वर्गात विचारलं तर हमखास येणारं उत्तर म्हणजे "पाणी वर चढलं म्हणून". पाणी वर चढलं खरं, पण पेल्यात एक थेंबही वाढलेला नाही. खरं कारण असं: बोटाने जेवढी जागा घेतली तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी बोटाला वर ढकलतं. हेच प्लावक बल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बोटही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतं, आणि ते ढकलणं काट्यापर्यंत पोचतं. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ घन सेंटिमीटर. त्यामुळे काट्यावरचे ८ ग्रॅम हे बोटाच्या बुडालेल्या भागाचं आकारमानही सांगतात: ८ घन सेमी.

आठवी ते दहावीच्या पुस्तकांत प्लावक बल, घनता, सापेक्ष घनता (पाण्याच्या किती पट घनता), वजन आणि वस्तुमान वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात. या एका काट्यावर ते सगळे एकत्र येतात, आणि तेही आकड्यांत. "जड वस्तू बुडते, हलकी तरंगते" हे वाक्य डोक्यातून काढायला आकड्यांइतका दुसरा चांगला उपाय नाही.

काट्याबद्दल आधी थोडं

घरातला ५ किंवा १० किलोचा, १ ग्रॅमच्या पायरीचा काटा पुरतो. पण त्याचे काही स्वभाव माहीत असलेले बरे. बरेच काटे एकदोन मिनिटं हात लावला नाही तर आपोआप बंद होतात आणि टेअर केलेला शून्य विसरतात, म्हणून सगळी तयारी आधी करून ठेवा आणि मगच काटा चालू करा. दुसरी खोड जास्त फसवी आहे. शून्याजवळचे अगदी सावकाश होणारे बदल काटा गिळून टाकतो. चिमटीचिमटीने मीठ घातलं तर दहा चिमटी पडल्या तरी तो शून्यच दाखवतो. काटा बिघडलेला नसतो. तापमानामुळे शून्य सरकू नये म्हणून त्याच्यात तशी सोय केलेली असते. म्हणून काहीही मोजायचं ते एकदम ठेवा, टप्प्याटप्प्याने नको.

आणखी एक. काटा मोजतो बल, आणि पाटीवर लिहितो ग्रॅम. हाच काटा चंद्रावर नेला तर ६०० ग्रॅमच्या वस्तूला तो १०० च्या आसपास दाखवेल, कारण तिथलं गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो ते) १.६२ मी/से² आहे. वस्तूतलं द्रव्य मात्र तेवढंच राहिलं. परीक्षेत प्लावक बल न्यूटनमध्ये मागतात. काट्यावरच्या ग्रॅमना १००० ने भागून ९.८ ने (पृथ्वीवरच्या गुरुत्व त्वरणाने) गुणा, झालं. ९८ ग्रॅम म्हणजे ०.९६ न्यूटन.

दगड, दोरा आणि तीन आकडे

मुठीएवढा दगड घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागात रस्त्याकडेला मिळेल तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि या प्रयोगाला तो फार सोयीचा: कठीण, पाणी फारसं न पिणारा. भोकं-भोकं नसलेला तुकडा निवडा. धुऊन, कोरडा करून वजन करा. समजा २८६ ग्रॅम भरला.

आता काट्यावर रुंद तोंडाचं पातेलं किंवा कापलेली दोन लिटरची बाटली ठेवा, त्यात दगड पूर्ण बुडून वर दोन बोटं उरेल इतकं पाणी घाला आणि टेअर करा. दगडाला शिवणाचा दोरा बांधा आणि तो पाण्यात सोडा, पण तळाला टेकू देऊ नका. हात हलत असेल तर दोरा आडव्या धरलेल्या पट्टीला बांधा आणि पट्टीची दोन टोकं पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर टेकवा. थप्प्या काट्याच्या बाहेर हव्यात. काटा स्थिर झाला की आकडा वाचा. समजा ९८.

हे ९८ ग्रॅम म्हणजे दगडावरचं प्लावक बल, आणि ९८ घन सेमी हे दगडाचं आकारमान. २८६ भागिले ९८, उत्तर २.९२. ही दगडाची सापेक्ष घनता. भरीव बेसाल्ट साधारण २.८ ते ३.० या पट्ट्यात येतो, तेव्हा आकडा पटण्यासारखा आहे.

आता दोरा सैल सोडून दगड तळाला टेकवा. काटा २८६ वर जातो. हा क्षण मुलांना दोनतीनदा करून बघू द्या, घाई करू नका. दोरा ताठ असताना २८६ पैकी ९८ पाणी पेलत होतं आणि उरलेले १८८ दोरा. शाळेत तानकाटा (स्प्रिंगचा लटकता काटा) असेल तर दोरा त्याला अडकवा: हवेत २८६, पाण्यात १८८. वरच्या काट्याचं जेवढं घटलं तेवढंच खालच्या काट्याचं वाढलं. पुस्तकातलं "वस्तूच्या वजनात घट होते" हे वाक्य अर्धंच आहे. घटलेलं वजन कुठे गेलं ते खालचा काटा सांगतो. (फळंभाजीवाल्याकडचा लटकता काटा बहुधा १० ग्रॅमच्या पायरीचा असतो. त्यावर हिशेब ओबडधोबडच जुळेल.)

याच मांडणीत एक गैरसमज मोडून घ्या. दगड अर्धा बुडवला तर काटा ५० च्या जवळपास येतो. पूर्ण बुडाल्यावर मात्र तो आणखी दोन सेमी खाली नेला तरी ९८ चे ९८ च. खोलीबरोबर दाब वाढतो म्हणून प्लावक बलही वाढत असेल असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पण दगडाच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरचा दाब सारखाच वाढतो. दोन्हींतला फरक बदलत नाही, आणि प्लावक बल त्या फरकातूनच येतं.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. दगड भांड्याच्या कडेला टेकलेला असतो. दगडाच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यासाठी दगड आधी ओला करून बोटाने चोळा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. किंवा दगडच पाणी पितो. कोकणातला जांभा किंवा विटेचा तुकडा घेतला तर बुडबुडे येतच राहतात आणि आकडा हळूहळू घसरतो. अशा वेळी तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून मग मोजा. फक्त तेव्हा येणारी घनता पाणी भरलेल्या तुकड्याची आहे हे वहीत लिहा.

सांडलेलं पाणी गोळा करून मोजायचा पुस्तकातला प्रयोग याच्यापुढे फिका आहे. नळीच्या तोंडाशी पृष्ठताणामुळे शेवटचे काही मिलिलिटर पाणी अडून बसतं, आणि लहान दगडाला ती चूक मोठी पडते. तो प्रयोग कल्पना समजावायला ठेवा, आकडा काढायला नको.

तरंगणाऱ्या वस्तू

मेणबत्तीचा जाड तुकडा घ्या. लाकूड पाणी पितं, मेण पीत नाही. पाणी ठेवून टेअर केलेल्या काट्यावर मेण नुसतं तरंगत सोडलं की त्याचं सगळं वजन दिसतं, समजा ४५. आता सुईच्या टोकाने ते पूर्ण पाण्याखाली दाबा. आकडा वाढून ५० होतो, ते त्याचं आकारमान. ४५ भागिले ५०, म्हणजे ०.९. तरंगताना मेणाचा नऊ दशांश भाग पाण्याखाली होता हे त्याच भागाकारातून निघतं. बर्फाची सापेक्ष घनता ०.९२ च्या आसपास, त्याचाही डोंगर असाच पाण्याखाली. बर्फाच्या तुकड्याचा पेला काट्यावर ठेवा, काठोकाठ भरा आणि बर्फ वितळू द्या. पाणी सांडत नाही. बाहेरून पेल्याला घाम येतो आणि आकडा ग्रॅम-दोन ग्रॅमने वाढतो, ते मात्र हवेतलं बाष्प. मुंबईच्या दमट हवेत हे लगेच दिसतं.

"आकारामुळे तरंगतं" हेही अपुरं उत्तर आहे. घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा ३० × ३० सेमीचा तुकडा चुरगळून गोळा केला तर तो तरंगतोच, कारण घड्यांमध्ये हवा अडकते. मुलांना तो बुडायला हवा असतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. फॉइल घडी घालून, लाटण्याने दाबून, हवा काढून टाकली की तेच धातू तळाला जातं. त्याच मापाच्या फॉइलची १० × १० × ३ सेमीची तबकडी केली तर तिच्यात ३०० घन सेमी जागा होते, म्हणजे कागदावर जवळपास ३०० ग्रॅम भार. प्रत्यक्षात त्याआधीच ती कलंडते. भार एका कोपऱ्यात साचतो आणि कड पाण्याखाली जाते. वर्गात गटांची स्पर्धा लावली तर नाणी मधोमध आणि पसरून ठेवणारा गट नेहमी जिंकतो.

सोन्याचा प्रश्न

आर्किमिडीजचा मुकुट प्रत्येक पुस्तकात आहे. ती गोष्ट आपल्याकडे आली ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाच्या लिखाणातून, आर्किमिडीजनंतर सुमारे दोन शतकांनी. त्यामुळे रस्त्यातून धावत जाण्याचा भाग किती खरा, हा प्रश्न सोडून द्या. पद्धत मात्र वापरता येते. शुद्ध सोन्याची सापेक्ष घनता १९.३, बावीस कॅरेटची १७.७ च्या आसपास, पितळेची ८.५ च्या जवळपास. २० ग्रॅमच्या बांगडीचं आकारमान जेमतेम १.१ घन सेमी भरतं. १ ग्रॅमच्या पायरीच्या काट्यावर ते १ दिसेल, आणि २० भागिले १ वरून काही ठरवणं म्हणजे घरात भांडण लावणं. त्यासाठी ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा हवा. तरीही दोन अडचणी राहतात. पोकळ किंवा लाखेवर चढवलेल्या दागिन्याची घनता कमी येते, सोनं अस्सल असलं तरी. आणि टंगस्टनची घनताही १९.३ च आहे, त्याला ही पद्धत ओळखू शकत नाही.

मिठाच्या पाण्यातलं अंडं, किंवा बटाटा

हा प्रयोग सगळे करतात आणि निम्म्यांचा फसतो, कारण मीठ "दोन चमचे" घातलेलं असतं. मोजून घाला. २५० मिली पाणी, त्यात ताजं अंडं. ते तळाला आडवं पडतं. वेगळ्या वाटीत १० ग्रॅम मीठ मोजा (वर सांगितलेली काट्याची खोड आठवा), पाण्यात घालून पूर्ण विरघळवा, अंडं परत सोडा. असं १०-१० ग्रॅमने चढत जा. ताजं अंडं बहुधा ३० ते ४० ग्रॅमच्या दरम्यान तळ सोडतं. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात ६ ग्रॅमच्या आसपास मीठ बसतं, म्हणजे दोन चमच्यांत काम भागणार नव्हतंच. उलट टोकाला, २५० मिली पाण्यात साध्या तापमानाला सुमारे ९० ग्रॅमच मीठ विरघळतं. त्यापुढचं तळाला नुसतं बसतं.

आकडे का जुळतात ते बघा. ताज्या अंड्याची सापेक्ष घनता १.०८ च्या जवळ असते. २५० मिलीत ३४ ग्रॅम मीठ म्हणजे वजनाने १२ टक्के द्रावण, आणि त्याची घनता १.०८ ते १.०९. समुद्राचं पाणी १.०२५ च, म्हणून ताजं अंडं अरबी समुद्रातही बुडेल. अंडं शिळं असेल तर त्याच्या कवचातून पाणी उडून गेलेलं असतं, आतली हवेची जागा वाढलेली असते आणि ते कमी मिठातच उभं राहतं. साध्या पाण्यात तरंगणारं अंडं प्रयोगालाही घेऊ नका आणि पोटातही नको.

अंडं नको असेल तर बटाटा घ्या. घनता तशीच. पूर्ण बटाट्याऐवजी साल काढलेला, पेल्यात सहज मावणारा तुकडा बरा. पण तो मिठाच्या पाण्यात तासभर ठेवला तर पाणी सोडून आक्रसतो आणि परत बुडू शकतो. बारीक मिठामुळे पाणी थोडं गढूळ होतं ते मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थामुळे, काळजीचं कारण नाही. जाड मीठ स्वस्त, पण विरघळायला वेळ लागतो.

पुढची पायरी दिसायला फार छान आहे: पेला अर्धा दाट मिठाच्या पाण्याने भरा, अंडं तरंगू द्या, आणि चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधं पाणी सोडा. दोन थरांच्या सीमेवर अंडं अधांतरी राहतं. पाणी जोरात ओतलं तर थर मिसळतात आणि सगळं फिसकटतं.

याच कारणाने जहाज नदीतून समुद्रात आलं की किंचित वर उचललं जातं. मालवाहू जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याच्या शेजारी आडव्या रेघांची शिडी रंगवलेली असते. गोडं पाणी, उष्ण कटिबंधातला समुद्र, हिवाळ्यातला समुद्र, प्रत्येकासाठी भार कुठवर भरायचा याची वेगळी रेघ. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली, त्यासाठी भांडलेल्या सॅम्युअल प्लिमसॉलचं नाव तिला आहे.

दुधाचा काटा घरी करता येतो का?

दुधाचा काटा म्हणजे दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर. तो घरी करता येतो, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. एकदा वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ काही मिनिटांत मऊ पडते. म्हणून कागदी स्ट्रॉवर वितळलेल्या मेणाचा पातळ हात फिरवून घ्या. (स्टीलची स्ट्रॉ चालत नाही, ती थेट बुडते.) खालचं टोक खेळायच्या चिकणमातीने बंद करा, आत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाका, एकूण वजन ४ ग्रॅमच्या आसपास आणा. भांडं उंच हवं, निदान २० सेमी. गळा कापलेली लिटरची बाटली चालेल.

६ मिमी जाडीची, ४ ग्रॅमची स्ट्रॉ पाण्यात १४ सेमी बुडते. तिथे खूण करा. चांगल्या दुधात, ज्याची घनता १.०३ धरू, ती खूण ४ मिमी वर येते. इथवर ठीक. पण दुधात दहावा हिस्सा पाणी मिसळलं तर फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पडतो. तो डोळ्याने वाचता येत नाही. बाजारातल्या लॅक्टोमीटरला खाली फुगा आणि वर बारीक दांडी असते ती यासाठीच: बहुतेक आकारमान फुग्यात, आणि घनतेतला जरासा फरकही बारीक दांडीवर लांब अंतर होऊन दिसतो.

त्या काचेच्या लॅक्टोमीटरवर गाईचं चांगलं दूध २८ ते ३२ च्या दरम्यान येतं, म्हणजे घनता १.०२८ ते १.०३२. दूध फ्रिजमधून काढून लगेच मोजलं तर आकडा उगाच चढा येतो. काचेवर छापलेलं तापमान बघा आणि दूध तेवढ्यावर येऊ द्या. आणि नुसत्या लॅक्टोमीटरवर भरवसाही ठेवू नका. साय काढून घेतली की दूध जड होतं. मग त्यात बेताने पाणी घातलं की आकडा परत जागेवर येतो. दुधाच्या केंद्रांवर फॅट वेगळं मोजतात ते या युक्तीला धरण्यासाठीच.

बाटलीतला पाणबुड्या

लिटरची मऊ प्लास्टिक बाटली आणि औषधाच्या बाटलीतला काचेचा ड्रॉपर एवढंच लागतं. ड्रॉपरमध्ये थोडं पाणी ओढून तो आधी पेल्यात सोडा. रबराचं टोक पाण्यावर जेमतेम २-३ मिमी दिसेल इतपत पाणी कमीजास्त करा. हे जमवण्यातच सगळी मेहनत आहे. मग बाटली काठोकाठ भरा, ड्रॉपर आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दाबा.

दाबल्यावर ड्रॉपरच्या काचेकडे अगदी जवळून बघा. आतली पाण्याची पातळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर सरकते आणि त्याच क्षणी ड्रॉपर खाली निघतो. हवेचा बुडबुडा दबला, पाण्याने घेतलेली जागा वाढली, ड्रॉपरने सारलेलं पाणी कमी झालं. दाब सोडला की उलटं. ड्रॉपर नसेल तर पेनाचं टोपण घेऊन त्याच्या तोंडाशी चिकणमाती लावा. पण बऱ्याच टोपणांच्या शेंड्याला भोक असतं (मुलाने टोपण गिळलंच तर श्वास चालावा म्हणून ठेवलेलं). ते आधी एम-सीलने बुजवा, नाहीतर हवा निघून जाईल आणि पाणबुड्या पहिल्याच बुडीत कायमचा तळाला.

बाटली जीव खाऊन दाबावी लागत असेल तर ड्रॉपर जास्त हलका झालाय किंवा बाटलीत वर हवा राहिलीय. हात तुमची शक्ती त्या हवेवर खर्च करतोय. खाली गेलेला ड्रॉपर दाब सोडूनही वर येत नसेल तर तो अगदी काठावर जमवलेला आहे: ३० सेमी खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी जास्त असतो, तेवढाही त्याला पुरतो. एक-दोन थेंब पाणी काढा.

पाणी वर ढकलतंच का?

कारण पाण्याला वजन आहे. वरच्या थराचं ओझं खालच्या थरावर पडतं, म्हणून खाली दाब जास्त, म्हणून वस्तूला खालून मिळणारा रेटा जास्त. ओझंच नसेल तर रेटाही नसेल, आणि हे बघता येतं.

लिटरच्या बाटलीला तळापासून दोन बोटं वर, तापवलेल्या खिळ्याने ३ मिमीचं भोक पाडा. हे काम मोठ्या माणसाने करावं. भोकावर बोट ठेवून बाटली पाऊण भरा, झाकण लावू नका. मैदानात, खाली बादली ठेवून, बाटली दोन मीटर उंच धरा. बोट काढलं की धार सुरू होते. आता बाटली सोडून द्या. पडतापडता धार थांबते. दोन मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात. नुसत्या डोळ्याला ते पटत नाही, म्हणून मोबाइलवर स्लो मोशन लावा. १२० फ्रेमच्या चित्रणात पडण्याच्या ७५ च्या वर फ्रेम मिळतात. आधीच बाहेर पडलेले थेंब बाटलीच्या बरोबरीने पडताना दिसतात, त्यांना धार समजू नका. सोडताना बाटली दाबली गेली तर खरंच एक पिचकारी उडते. म्हणून ती गळ्याशी दोन बोटांत धरा आणि बोटं एकदम उघडा.

बाटली आणि पाणी दोन्ही एकाच त्वरणाने पडत असतात. वरच्या पाण्याला खालच्यावर ओझं टाकायला सवडच मिळत नाही. दाबातला फरक संपला, त्याबरोबर प्लावक बलही. अंतराळयानात उकळत्या पाण्यातले बुडबुडे वर येत नाहीत आणि मेणबत्तीची ज्योत गोल होते, ते याचमुळे. गुरुत्वाकर्षण तिथे भरपूर आहे, यान सतत मुक्तपतनात आहे इतकंच. चंद्रावर मात्र परिस्थिती वेगळी: वस्तूचं वजन सहापटीने कमी, तिने सारलेल्या पाण्याचंही सहापटीने कमी. म्हणून मेणाचा तुकडा तिथेही नऊ दशांशच बुडेल. तोंडी परीक्षेचा हा आवडता प्रश्न आहे.

आता गुरुत्व त्वरण स्वतः मोजा

पडणारी वस्तू मोबाइलच्या घड्याळाने मोजायला जाऊ नका. ०.६४ सेकंदात तुमच्या बोटाचीच चूक ०.२ ची असते. दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेलं वजन, ही चूक वीस आंदोलनांत वाटून टाकतो.

५० ते १०० ग्रॅमचा लोखंडी नट, सुती दोरा (नायलॉन ताणतो), मीटरपट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच. दोरा खिळ्याला गुंडाळू नका. झुलताना तो खिळ्यावर लपेटतो आणि लांबी बदलत राहते. दाराच्या चौकटीवर दोन लाकडी पट्ट्यांत किंवा दोन नाण्यांत दोरा घट्ट चिमटा. नट टांगल्यावर, दोरा ताणलेला असताना, चिमट्यापासून नटाच्या मध्यापर्यंत १०० सेमी मोजा.

नट १० सेमी बाजूला नेऊन नुसता सोडा, ढकलू नका. तो गोल फिरू लागला तर थांबवून परत सोडा. दोनतीन झोके जाऊ द्या. मग नट सगळ्यात खालच्या बिंदूवरून डावीकडून उजवीकडे जाताना घड्याळ चालू करा आणि मोठ्याने म्हणा "शून्य". पुन्हा त्याच दिशेने तिथून गेला की "एक". "वीस"ला थांबवा. टोकाच्या बिंदूवर मोजू नका. तिथे नट रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही.

१ मीटर लांबीला २० आंदोलनांना ४०.१ ते ४०.२ सेकंद लागायला हवेत. ४०.२ भागिले २०, आवर्तकाल २.०१. त्याचा वर्ग ४.०४. आता ३९.४८ (म्हणजे पायच्या वर्गाची चौपट) गुणिले लांबी १ मीटर, भागिले ४.०४: ९.७७ मी/से². वेळेत ०.१ सेकंदाचा फरक पडला तर उत्तर ०.०५ ने हलतं. तेव्हा कॅल्क्युलेटरवर दिसतात म्हणून सहा दशांश स्थळं वहीत उतरवू नका.

पुस्तकात ९.८ असतं, कुठे ९.८१. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खरा आकडा ९.७९ च्या जवळ आहे, पठारावर त्याहून जरासा कमी. ध्रुवावर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला तेव्हा त्याचं दोलकाचं घड्याळ तिथे दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ तेच, जागा विषुववृत्ताजवळची.

वेळ असेल तर २५, ५०, ७५ आणि १०० सेमी अशा चार लांब्या घ्या. लांबी चौथाई केली की आवर्तकाल निम्मा होतो, हे मुलांना आधी ओळखायला सांगा. मग आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढा. रेषेचा चढ दर मीटरला ४.०३ च्या आसपास येतो, आणि ३९.४८ ला त्याने भागलं की गुरुत्व त्वरण. आलेखाचा फायदा असा की नटाचा मध्य ठरवण्यात प्रत्येक वेळी एकसारखी चूक झाली तर रेषा नुसती बाजूला सरकते, चढ बदलत नाही.

उत्तर चुकलं तर आकडाच चूक सांगतो. ९.६ च्या जवळ आलं तर लांबी नटाच्या मध्याऐवजी त्याच्या वरच्या कडेपर्यंत, दोनेक सेंटिमीटर कमी मोजली गेलीय. ९.४५ च्या आसपास असेल तर झोका मोठा घेतलाय, तीस अंशांच्या घरात. आणि १०.८ आलं असेल तर घड्याळ चालू करताना कोणीतरी "शून्य"ऐवजी "एक" म्हटलंय, आणि वीस म्हणून मोजलेली आंदोलनं एकोणीसच आहेत.